अत्तराचे घराणे ओळखा

भोर-वेल्ह्याकडे चुलीवर भात शिजत असला की दारातून आत येणारा वाफेवरूनच ओळखतो, आज आंबेमोहोर आहे की साधा तांदूळ. आपले नाक इतके तयार असते. पण अत्तर घेताना आपण नाकाऐवजी नावावर जातो. कुणीतरी ऊदची तारीफ केली म्हणून ऊद आणतो, दोन जुमे लावतो आणि बाटली कपाटात पडते. लग्नातल्या अत्तराचे तर आणखी अवघड. त्या वासाने नव्या सुनेचे डोके दुखले, तरी ती बिचारी सासरी बोलणार कशी?

म्हणून अत्तराची घराणी माहीत हवीत. सुगंधाचे ढोबळ चार गट मानतात.

फुलांचे घराणे: गुलाब, मोगरा, चमेली, केवडा.

लाकूड-मुळांचे: चंदन, ऊद आणि वाळा, म्हणजेच खस. पहिल्या पावसात भिजलेल्या मातीचा वास आवडत असेल तर ‘मिट्टी’ अत्तरही याच्याच शेजारचे. कनौजला भाजलेल्या मातीपासून ते काढतात.

उबदार-गोड: अंबर, कस्तुरी, लोबान, केशर आणि मसाले-जडीबुटींचे शमामा.

ताजे: लिंबू, संत्रे, पुदिना, गवती चहा.

आता घरातच शोधा. गजऱ्यातला मोगरा हवासा वाटतो? माठातल्या वाळ्याचे पाणी आवडते? लोबानचा धूर बरा वाटतो की गुदमरल्यासारखे होते? उत्तर मिळाले की घराणे मिळाले. मग अत्तरवाल्याला नाव न सांगता म्हणा, “भाई, मला वाळा आवडतो, त्याच्या जवळचे दाखवा.” तो खस, चंदन, मिट्टी पुढे ठेवील. नुसता गुलाब गोड वाटत असेल तर गुलाब-चंदनाचे मिश्रण मागा.

एका वेळी तीनपेक्षा जास्त वास घेऊ नका, नाक थकते. आवडलेले थेंबभर मनगटावर लावा, चोळू नका आणि बाजारातली बाकीची कामे उरका. लिंबासारखे हलके वास आधी उडतात, लाकडाचे मागे राहतात. तासाभराने जो वास उरतो, तोच दिवसभर तुमच्यासोबत असणार. त्वचा नाजूक असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा.

कनौजच्या जुन्या पद्धतीत फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवतात, म्हणून अस्सल अत्तर महाग पडते. स्वस्तात दुसरे तेल वापरलेले असते. ते घेण्यात गैर काही नाही, फक्त चंदनाचे पैसे मोजू नका. पहिली बाटली सर्वांत छोटी घ्या.

उन्हाळ्यात खस, केवडा, गुलाब. थंडीत शमामा, अंबर, ऊद, असा जुना रिवाज आहे. जुम्याला गुस्ल करून सुगंध लावणे सुन्नत आहे, पण सफमध्ये शेजारी उभ्या असलेल्या भावाला त्रास होऊ नये. खिडक्या लावलेल्या पुण्याच्या एसटीतही तेच. उबदार घराण्याचा एक थेंब पुरे.

येत्या ईदच्या आधी अब्बांना, अम्मींना, मुलांना एकेक प्रश्न विचारा: मोगरा, वाळा, लोबान की लिंबू? घरात सून येणार असेल, तर हा प्रश्न आधी तिला विचारा.