रांग का खोळंबली?

रांग खोळंबली की आपण खिडकीमागच्या कारकुनावर डोळे वटारतो. तो बिचारा सांगतो, “काँप्युटर हळू चालतोय.” मग आपण काँप्युटरला दूषणे देतो. पण वाचकहो, पुष्कळदा तो हळू चालत नसतो; नुसता वाट पाहत उभा असतो. हळू चालणे आणि अडून राहणे यांतला भेद ओळखणे, हे मोठे मौजेचे शास्त्र आहे.

बँकांसारख्या ठिकाणची माहिती बहुधा ओळी-रकान्यांच्या तक्त्यांत ठेवलेली असते. ही मांडणी आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली सुचविली. पुढे १९८५ साली त्यांनी तिचे नियम सांगितले. त्यांतला एक असा, की या डेटाबेसने स्वतःच्या रचनेची माहितीही तक्त्यांतच ठेवावी आणि ती नेहमीच्याच भाषेत विचारता यावी. म्हणजे हिशेबाच्या वहीने स्वतःचाही हिशेब द्यावा!

पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये तर चालू कामकाजाचाही असा तक्ता मिळतो. कोण आले, काय मागितले, केव्हापासून, आणि काम चालू आहे की कशासाठी अडले आहे, सारे त्यात दिसते. एखाद्याने खात्याची ओळ बदलायला घेतली की काम पुरे होईपर्यंत तिला कुलूप लागते. तीच ओळ बदलू पाहणाऱ्या इतरांनी थांबायचे. गंमत अशी, की कित्येकदा कुलूपवाला काहीच करीत नसतो. काम अर्धवट उघडे टाकून तो स्वस्थ बसलेला असतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाणीघराला कडी घालून आत वर्तमानपत्र वाचणाऱ्या गृहस्थासारखा! अशा वेळी दुप्पट दांडगे यंत्र विकत आणले, तरी कडी काही निघत नाही. पैसे मात्र जातात.

२०१६ सालच्या ९.६ या आवृत्तीपासून, कोणाला कोणी अडविले हे पोस्टग्रेसला थेट विचारता येते. अशा स्वस्थ बसणाऱ्याला ठरावीक वेळाने बाहेर काढण्याची सोयही तेव्हाच आली. मात्र ती मुळात बंद असते. वेळेची मर्यादा मालकाने स्वतः घालायची. किती उशीर म्हणजे फार उशीर, हे यंत्राने कसे ठरवावे?

घरातही तेच नाही का? फराळाला उशीर झाला, की आपण स्वयंपाकघरात धावपळ करणाऱ्या माउलीला जाब विचारतो. न्हाणीघराच्या कडीकडे कोणी पाहतच नाही.