औषधाची परतवाट

गेल्या वर्षी आमच्या घरातील एक वडीलधारे माणूस गेले. दिवसकार्य आटोपल्यावर आम्ही त्यांचे कपाट आवरले, तेव्हा पूजेच्या पोथ्यांशेजारी औषधांची एक मोठी पिशवी सापडली. अर्ध्या संपलेल्या पट्ट्या, न फोडलेल्या बाटल्या, मुदत उलटलेली प्रतिजैविके. ज्या दुकानाशी आमच्या दोन पिढ्यांचा व्यवहार आहे तेथे ती पिशवी आम्ही नेली. मालकांनी आपुलकीने विचारपूस केली आणि तितक्याच सहजपणे सांगितले, की गोळ्या कचऱ्यात टाका, पातळ औषधे मोरीत ओता. त्यांचा दोष केवळ त्यांचा नव्हता. पण त्या उत्तरानेच आम्हांस हा लेख लिहिण्यास भाग पाडले.

मोरीत ओतलेले औषध कोठे जाते, हे हैदराबादकरांना तरी शिकवावे लागू नये. पाटणचेरू आमच्या शहराच्या वेशीवर आहे. तेथे सुमारे नव्वद औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी स्वीडिश शास्त्रज्ञांनी तपासले व २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शुद्ध केलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. एका दिवसात वाहून जाणारे सिप्रोफ्लॉक्सॅसिन ४५ किलोंच्या आसपास, म्हणजे नव्वद लाख वस्तीच्या स्वीडनला पाच दिवस पुरेल इतके होते. त्या भागातील ओढे नक्कावागूला व नक्कावागू मांजरेला मिळतो. ही तीच मांजरा, जी बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे गोदावरीत जाते. आपल्या पूर्वजांच्या गावांची नदी आपल्या पोटापाण्याच्या शहराजवळ येऊन औषधाने आजारी पडते, ही गोष्ट केवळ शास्त्रज्ञांची नव्हे.

येथे आक्षेप येईल, की मग दोष कारखान्यांचा. कोपऱ्यावरच्या दुकानदारास का धरता? कारखान्यांना आम्ही सोडत नाही. सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा केंद्राने जानेवारी २०२० मध्ये काढला आणि २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादाच गळाल्या, याचा जाब विचारलाच पाहिजे. परंतु मोठ्याचे पाप दाखवून धाकट्याने हात झटकावेत, हा न्याय आम्हांस मान्य नाही.

गिधाडांचे उदाहरण घ्या. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली सिद्ध झाले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात भारतात नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली जनावरांसाठीचे हे औषध बंद झाले. तरी गिधाडे मरत राहिली. कारण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी विकल्या जात होत्या. अखेर २०१५ साली कुपी ३ मिलिलिटरवर आणावी लागली. ती मोठी कुपी कारखान्याने गोठ्यात नेऊन दिली नव्हती. ती औषधाच्या दुकानातूनच जात होती. कायदा दिल्लीत होतो, पण तो पाळला जातो किंवा मोडला जातो तो त्या दुकानातल्या फळीवर.

म्हणूनच आमचे म्हणणे असे, की औषधनिर्माणशास्त्र शिकलेला माणूस हा किराणा विकणारा नव्हे. १९४८ च्या फार्मसी कायद्याने त्याला नोंदणीकृत व्यावसायिकाचा दर्जा दिला. मार्च २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांसाठी डॉक्टर व रुग्णाच्या नावाची स्वतंत्र नोंदवही ठेवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. ती वही प्रामाणिकपणे ठेवली गेली, चिठ्ठीवाचून पट्टी दिली गेली नाही, पंधरा गोळ्यांच्या जागी तीस खपवल्या गेल्या नाहीत, तर निम्मा कचरा जन्मालाच येणार नाही. प्रत्यक्षात कित्येक दुकानांत प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि ज्याचे ते प्रमाणपत्र तो गृहस्थ भलतीकडेच असतो. भाड्याने दिलेल्या विद्येकडून पर्यावरणरक्षणाची अपेक्षा कशी करावी?

उरलेल्या औषधांची परतवाट ही काही अशक्य कल्पना नाही. दुकानातला मुदतबाह्य माल ठोक विक्रेत्यामार्फत कंपनीकडे परत जातोच. तो मार्ग असताना गिऱ्हाईकाची पिशवी तेवढी अस्पृश्य का? २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातील मुदतबाह्य औषधे घातक कचऱ्यात धरली. मे २०२५ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने मार्गदर्शिका काढून औषधे परत घेणारी केंद्रे राज्यांनी व विक्रेत्यांच्या संघटनांनी मिळून उभारावीत असे सुचवले. फेंटानिलसारखी सतरा अतिधोकादायक औषधे तेवढी शौचकूपात सोडावीत, इतरांसाठी ही केंद्रे असावीत, असा तिचा रोख आहे. केरळने त्याच वर्षी कोझिकोडपासून असा उपक्रम सुरू केला. परत आलेली औषधे पुन्हा विकली जातील ही भीती खोटी नाही. पण तिला कुलूपबंद पेटी, नोंद आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीपर्यंतची पावती हे उत्तर आहे, मोरी हे नव्हे.

आता आपल्याकडे वळू. डॉक्टरांनी औषध दिले नाही तर नाराज होणारे आपणच. परदेशातील मुलाने पाठवलेल्या गोळ्या शेजाऱ्यांना वाटणारेही आपणच. आमच्या त्या वडीलधाऱ्यांच्या शेवटच्या आजारात एकामागून एक तीन प्रतिजैविके निष्प्रभ ठरली. ते जंतू कोठून बळावले हे कोणी सांगू शकत नाही. पण त्यांच्याच कपाटात अर्धवट सोडलेली चार प्रतिजैविके होती, हे आम्ही विसरू शकत नाही.

यास्तव प्रत्येक वाचकाने आपल्या नेहमीच्या विक्रेत्यास एकच प्रश्न विचारावा: तुमच्याकडे परतीची पेटी कधी येणार? एकाने विचारले तर तो हसेल. वस्तीतील पन्नास घरांनी विचारले, तर त्याला आपल्या संघटनेकडे जावेच लागेल. आमची ती पिशवी अद्याप कपाटातच आहे. पेटी येईल त्या दिवशी ती आम्ही स्वतः नेऊन टाकू.