अनुभवाचं बघू

ठाण्यापासून कल्याणपर्यंत स्टेशनाबाहेरच्या पाट्यांवर बारावी आणि सीईटीच्या शेजारी आता क्लाउड सिक्युरिटी येऊन बसली आहे. सहा महिन्यांत इंजिनिअर. १०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स. यातलं ‘१०० टक्के’ रस्त्यापलीकडून वाचता येतं, ‘असिस्टन्स’साठी पाटीखाली जावं लागतं. कोचिंगच्या जाहिरातीत नोकरीची हमी देऊ नका, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावलं आहे. म्हणून हमी नाही, मदत. एवढ्यावर आमची तक्रार नाही. पाटीवर जे लिहिलेलं नसतं, त्यावर आहे.

ते आत गेल्यावर कळतं. मुलगा बीएस्सी आयटी झालेला. सोबतचे वडील विचारतात, कंपन्या तर तीन वर्षांचा अनुभव मागतात, त्याचं काय? काही ठिकाणी उत्तर येतं, ‘काका, अनुभवाचं बघू आपण.’

हे ‘बघू’ म्हणजे काय, ते या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक आहे. कुठल्याशा गाळ्यातल्या कंपनीचं पत्र, मागच्या तारखेची नेमणूक, छापून घेतलेल्या सॅलरी स्लिपा. सगळेच क्लास हे करत नाहीत. जे करतात, ते मात्र उपकार केल्यासारखे करतात.

खोटा अनुभव कुठेही वाईटच. पण क्लाउड सुरक्षेत काम कशाचं असतं? समोरचा जो म्हणवतो तोच आहे का, हे तपासण्याचं. कुणाला कोणती किल्ली द्यायची, किती वेळ द्यायची, कधी काढून घ्यायची, हे ठरवण्याचं. आत येणाऱ्याची ओळख दर वेळी नव्याने पडताळायची, या तत्त्वाला तिथे ‘झीरो ट्रस्ट’ म्हणतात. मुलगा मुलाखतीत त्याची व्याख्या घडाघडा सांगतो. त्याच वेळी टेबलावर त्याचा बायोडेटा असतो आणि त्याचं दुसरं पान बनावट असतं.

पडताळणी करणाऱ्याला फार खोदावं लागत नाही. पीएफच्या खात्यात त्या तीन वर्षांचा एक रुपया जमा नसतो. नोंदी वाचून घुसखोर ओळखण्याची नोकरी मागायला आलेला मुलगा स्वतःच्याच नोंदीत सापडतो. नाही सापडला, तर अधिक वाईट. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेची माहिती क्लाउडमधून गेली, दहा कोटींहून अधिक लोकांची. मुळाशी होती चुकीची बसवलेली एक फायरवॉल आणि गरजेपेक्षा जास्त दिलेले अधिकार. बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड झाला. चुका अशाच असतात, एका टिचकीच्या. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, १८० दिवसांच्या नोंदी जपून ठेवाव्या लागतात. त्या सहा तासांत नोंदी उघडून बसणारा माणूस कोण असेल, हा प्रश्न कागद बनवून देणाऱ्याला पडत नाही. त्याचा हिशेब फी भरल्याच्या दिवशीच संपलेला असतो.

या क्षेत्रातलं सीआयएसएसपी हे मानाचं प्रमाणपत्र. त्याची अट वाचण्यासारखी आहे. आठपैकी किमान दोन विषयांत मिळून पाच वर्षांचा पगारी अनुभव. ठरावीक पदवी असेल तर एक वर्ष माफ. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही त्या अनुभवाला आधीच्या एखाद्या प्रमाणपत्रधारकाची, नाहीतर खुद्द संस्थेची ग्वाही लागते. अनुभव नसलेल्यालाही परीक्षा देता येते, पण मग ‘असोसिएट’ म्हणवून घ्यायचं आणि सहा वर्षांच्या आत अनुभव कमवायचा. पाटीवर सहा महिने आहेत, अटीत सहा वर्षं.

तो कमवायचा कुठे, हे डोंबिवलीकराला निराळं सांगायला नको. ठाण्याहून वाशीची गाडी ज्या पट्ट्यातून जाते, त्या ऐरोली, रबाळे, महापे भागात डेटा सेंटर उभी आहेत. तिथे आणि आसपासच्या कंपन्यांत एल वन नावाची पायरी असते. रात्रपाळी, तक्रारींची ‘तिकिटं’, विसरलेले पासवर्ड, पॅचेस. घेतलेला बॅकअप खरोखर परत उतरतो का, ते पाहणं. पहाटे तीनला वाजलेला अलार्म खोटा की खरा, ते ठरवणं. सलग दोनशे खोटे निघाले तरी दोनशे एकावा उघडून बघायचा असतो, आणि हे कुठल्याही वर्गात शिकवता येत नाही. पगार बेताचा. सोसायटीत सांगण्यासारखं काही नाही. ‘मुलगा क्लाउड सिक्युरिटीत आहे’ या वाक्याला जे वजन आहे, ते ‘मुलगा रात्री तिकिटं बंद करतो’ याला नाही. वस्तुतः दोन्ही वाक्यं एकाच मुलाबद्दल असू शकतात, काही वर्षांच्या अंतराने.

कंपन्यांनीही साळसूद राहू नये. सुरुवातीच्या जागेसाठी तीन वर्षांचा अनुभव मागायचा आणि मग खोट्या कागदांचा सुळसुळाट झाला म्हणून पडताळणीवर खर्च करायचा, हे त्यांचंच कर्तृत्व आहे. पण कंपनीचं नुकसान कंपनी भरून काढते. पकडल्या गेलेल्या मुलाला ज्या व्यवसायात जायचं असतं, त्याच्या दारातच त्याच्या नावापुढे फुली पडते.

वडील हप्त्यांनी फी भरतात. प्रत्येक हप्त्याची पावती मिळते, जीएसटीसह, ‘प्रशिक्षण शुल्क’ म्हणून. अनुभवाचे पैसे वेगळे आणि रोख. त्यांची पावती नसते.