खोली आहे तेवढीच दाखवा

नव्या मुलांना घरांचे फोटो काढायला शिकवतात, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांना पहिली गोष्ट काय सांगतात माहितेय? 'कोपऱ्यात जा.' पाठ भिंतीला टेकवायची, १६ एमएमची लेन्स लावायची, खोलीतले सगळे दिवे लावायचे आणि क्लिक. दहा बाय दहाची बेडरूम स्क्रीनवर हॉलएवढी दिसते. मुलं 'भारी!' म्हणतात. शिकवणारा खूश होतो.

हे ट्रेनिंग मी तीनदा बघितलंय. मी फोटोग्राफर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पुण्यात घरं भाड्याने आणि विकत देणाऱ्या एका साइटसाठी काम करतो. या मुलांनी काढलेले फोटो तपासणारा प्रोग्राम मी लिहिलाय. फोटो अपलोड झाला की तो उजेड बघतो, भिंतींच्या उभ्या रेषा सरळ आहेत का बघतो, पसारा बघतो, फोटोत फरशी किती दिसतेय ते मोजतो आणि शंभरपैकी मार्क देतो. सत्तरच्या खाली मार्क पडले की फोटो परत काढायचे, तेही स्वतःच्या पेट्रोलने. नव्या मुलाची सरासरी सत्तरच्या खाली राहिली तर त्याला पुढचं काम मिळत नाही.

हे सत्तर मी ठरवले. कसे? ज्या फोटोंवर लोकांनी जास्त क्लिक केलं ते चांगले फोटो, असं धरून चाललो. तेव्हा कोणालाच, मलासुद्धा, हे चूक वाटलं नाही.

एक मुलगा लातूरकडचा होता. लग्नांचे फोटो काढायचा. सीझन संपला की हात रिकामे, म्हणून आमच्याकडे आला. हात चांगला होता त्याचा. पण तो कोपऱ्यात जायचा नाही. दारात उभा राहून, माणूस खोलीत शिरल्यावर जे बघतो ते काढायचा. खिडकी डक्टमध्ये उघडत असेल तर डक्ट दिसायचा. छताला ओल असेल तर ओल दिसायची. एका फ्लॅटच्या सगळ्या फोटोंना मिळून बावन्न मार्क पडले. त्याचा मला फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे.

"सर, माझं चुकलं काय? तिथं जे होतं तेच काढलंय."

मी म्हणालो, "अरे, मार्क सिस्टम देते. माझ्या हातात नसतं ते."

धडधडीत खोटं. सिस्टम म्हणजे मीच होतो. अकरा फ्लॅट करून तो मुलगा गेला.

दुसऱ्या वर्षी आई-बाबांना पुण्यात आणायचं ठरलं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, फिजिओथेरपी इथे करायची होती. मी दोन महिने बेंगळुरूच्या ऑफिसात अडकलेलो. मग घर आमच्याच साइटवर शोधलं. लिफ्ट होती, हॉल प्रशस्त दिसत होता, उजेड भरपूर. मार्क एक्याण्णव. टोकन ऑनलाइन भरून टाकलं.

घर ताब्यात आलं तेव्हा कळलं की बेडरूममध्ये पलंग टाकला की कपाटाचं दार अर्धंच उघडतं. हॉलमध्ये दुपारी बारालाही ट्यूब लावावी लागते. हे चालवून घेतलं असतं. पण बाथरूमची फरशी पाइप फिरवण्यासाठी चांगली वीतभर उचललेली होती. फोटोत ती पायरी नव्हतीच, कारण फोटो दाराच्या आत उभं राहून काढलेला. ट्रेनिंगमध्ये तसंच शिकवतात: उंबरा फ्रेममध्ये घेऊ नका, खोली तुटक दिसते. बाबा त्या उंबऱ्याशी थांबले आणि धरायला भिंत शोधू लागले. काही बोलले नाहीत. तीन महिने प्रत्येक वेळी आई त्यांना हाताला धरून आत नेत होती.

हा किस्सा रडगाणं म्हणून सांगत नाहीये. टोकन गेलं, घर बदललं, विषय संपला. सांगायचंय ते वेगळंच. त्या फोटोग्राफरने काहीच चुकीचं केलं नव्हतं. शिकवलं तसंच केलं होतं आणि त्याला एक्याण्णव मार्क मिळाले होते. मी त्या शिकवण्याविरुद्ध बोलतोय.

आधी लेन्सचं गणित बघू, अवघड नाहीये. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ एमएमची लेन्स आडवं साधारण ५४ अंश बघते. २४ एमएमची ७४ अंश. १६ एमएमची ९७ अंश, म्हणजे काटकोनापेक्षा जास्त. एकाच जागी उभं राहून ३२ ऐवजी १६ ची लेन्स लावली, तर समोरची भिंत फोटोत निम्म्या रुंदीची होते. आपल्या डोळ्याला लेन्स कुठली ते कळत नाही. भिंत लहान दिसली की डोळा म्हणतो, लांब आहे. दहा फुटांची खोली अशी वाढते. एक वीट न हलवता.

यात लेन्स गुन्हेगार नाही. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये मागे सरकायला जागाच नसते, तिथे रुंद लेन्सला पर्याय नाही. तुमच्या फोनचा साधा कॅमेरासुद्धा २४ ते २६ एमएमच्या आसपासचा असतो आणि ०.५ एक्स दाबलं की तो सुमारे १३ वर जातो. प्रश्न असा आहे की ती लेन्स कशासाठी लावायची, हे आपण नव्या पोरांना काय म्हणून शिकवतो. 'जागा पुरत नाही म्हणून' की 'जागा जास्त वाटावी म्हणून'?

उजेडाचंही तेच. एकाच जागेवरून कमी-जास्त एक्स्पोजरचे तीन ते पाच फोटो काढून ते एकत्र करायचे, हे तंत्र मुळात प्रामाणिक आहे. खिडकीबाहेरचं आणि खोलीतलं दोन्ही डोळ्याला दिसतं, कॅमेऱ्याला एका फोटोत पकडता येत नाही, म्हणून ते वापरतात. पण ट्रेनिंगमध्ये पुढची पायरी शिकवतात: अंधारी खोली उजळ करा आणि खिडकी पांढरीफटक होऊ द्या. पांढरी खिडकी बघून आपण म्हणतो, वा, ऊन येतं. बाहेर चार फुटांवर शेजारच्या बिल्डिंगची भिंत असते.

आपल्याकडे एक खोटं कायद्याने मोडून काढलंय, हे इथे आठवायला हवं. पूर्वी बिल्डर सुपर बिल्ट-अप क्षेत्रफळ सांगून घर विकायचे. त्यात जिना, लॉबी, लिफ्ट, सगळं मोजलेलं. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या ठरवून दिली: आतली वापरता येणारी जागा. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी त्यात नाही. त्याच कायद्याचं कलम १२ म्हणतं की जाहिरातीतल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर प्रमोटरने भरपाई द्यायची. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केला. म्हणजे आकडा वाढवून सांगायची सोय कमी झाली. मग मोठेपणा कुठे गेला? फोटोत. जाहिरातीत कार्पेट एरिया ३८० चौरस फूट असं खरंखरं लिहिलेलं असतं आणि त्याच्या वरच्या फोटोत सहाशेचं घर असतं. आपण कोणावर विश्वास ठेवतो? फोटोवर. आणि भाड्याच्या घराला तर रेराचा आधारही नाही.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६ पासून घरविक्रीच्या जाहिरातीत डिजिटल फेरफार केलेला फोटो असेल तर तसं सांगणं आणि मूळ फोटो बघायची सोय देणं बंधनकारक झालंय. चांगलं आहे. पण उजेड दुरुस्त करणं, रेषा सरळ करणं, फोटो कापणं यांना त्यात सूट आहे. खोटा सोफा पकडला जाईल, कोपऱ्यातली १६ एमएम सुटेल. कायदा इथपर्यंतच पोचू शकतो. पुढचं काम शिकवणाऱ्याचं आहे.

आता यावर काय उत्तरं येतात तेही मला पाठ आहेत, कारण मीच ती दिली आहेत.

पहिलं: 'लोक घर बघायला जातातच ना, फोटोवर कोण घेतं?' मी घेतलं. परगावाहून, परदेशातून घर शोधणारे घेतात. आणि जे बघायला जातात, त्यांचा रविवार फुकट जातो. वाकडहून खराडीला जाऊन बघा एकदा रविवारी. घराच्या फोटोचं खरं काम नको असलेली घरं घरबसल्या गाळून टाकणं हे आहे. दहा चकरा घालायला लावणारा फोटो नापास फोटो आहे.

दुसरं: 'मालक पैसे देतो, त्याला घर छान दिसायला हवं.' दिसू दे की. पसारा आवरा, पडदे सरका, रेषा सरळ ठेवा, चांगल्या उजेडाची वेळ निवडा. पाहुणे यायच्या आधी घर आवरणं आणि घर दुसरंच दाखवणं यात फरक आहे, तो आपल्या प्रत्येकाच्या आईला कळतो.

तिसरं: 'सगळेच करतात, आपण नाही केलं तर मागे पडू.' हे खरं आहे, म्हणून हे सर्वांत अवघड. पण सगळे करतात कारण सगळ्यांना तेच शिकवलंय. आणि तेच शिकवलंय कारण माझ्यासारख्याने बसून तेच मोजलंय.

मग काय शिकवायचं? माझी यादी छोटी आहे.

पहिल्या दिवशी कॅमेरा द्यायचाच नाही, टेप द्यायची. मुलाने खोली मोजायची, कागदावर आराखडा काढायचा, दार कुठल्या बाजूला उघडतं ते लिहायचं. खोली कळल्याशिवाय फोटो काढायचा नाही.

दुसरं, प्रत्येक खोलीचा एक फोटो दारातून, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरून, २४ एमएमपेक्षा रुंद न जाता. बाकीचे हवे तितके सुंदर काढा.

तिसरं, फ्रेममध्ये माप ठेवा. आपल्याकडे बऱ्याच घरांत दोन बाय दोन फुटांच्या फरश्या असतात. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत फरश्यांची पूर्ण ओळ फोटोत आली, की बघणारा मोजू शकतो. पाच फरश्या म्हणजे दहा फूट. लेन्स काहीही असो, फरश्या वाढत नाहीत.

चौथं, एक फोटो दिवे बंद करून, दिवसा, वेळ लिहून. पाचवं, खिडकीतून बाहेर काय दिसतं त्याचा एक. सहावं, जिथे जिथे पाय उचलावा लागतो तिथला एक: जिना, उंबरा, बाथरूमची पायरी. हा सहावा मुद्दा कोणत्याही ट्रेनिंगमध्ये मी ऐकलेला नाही. व्हीलचेअर, म्हातारे गुडघे, पोटुशी बाई, सगळ्यांसाठी हा एक फोटो बाकीच्या वीस फोटोंपेक्षा मोलाचा आहे.

यात मुलांचाही स्वार्थ आहे. २००९ साली एअरबीएनबीचे संस्थापक न्यूयॉर्कमध्ये स्वतः घरोघरी जाऊन फोटो काढत होते आणि त्या फोटोंनी त्यांचा धंदा उभा राहायला मदत झाली. फोटो चांगले होतेच. पण कोणीतरी खरोखर त्या घरात जाऊन आलंय, हेही त्यातून कळत होतं. आज रिकाम्या खोलीत सोफा टाकणं, आभाळ निळं करणं, भिंत रंगवणं एआय काही सेकंदांत करतं. घर भारी दिसावं एवढंच काम असेल तर त्या मुलाची गरज उरलेली नाही, आणि आपण त्याला नेमकं तेवढंच शिकवतोय. मशीनला एक गोष्ट जमत नाही: तिथे जाऊन उभं राहणं आणि 'मी बघितलंय, हे असं आहे' म्हणणं. नव्या फोटोग्राफरची मजुरी पुढची दहा वर्षं टिकली तर या एका वाक्यावर टिकेल.

मी काय केलं? फरशी किती दिसते त्याचे मार्क काढून टाका आणि पायरीच्या फोटोला मार्क द्या, असा प्रस्ताव ऑफिसात दिला. चाचणी झाली. नव्या पद्धतीच्या फोटोंवर क्लिक कमी आले. मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, येणारच. ज्यांना ते घर चालणार नव्हतं, त्यांनी क्लिक केलं नाही, आपलं काम झालं. कोणी हसलं, कोणी मान हलवली. निर्णय पुढच्या तिमाहीवर गेलाय.

त्या लातूरच्या मुलाचा नंबर माझ्याकडे अजून आहे. गेल्या आठवड्यात त्याला मेसेज केला, की तेव्हा तुझं काहीच चुकलं नव्हतं, मार्क मी देत होतो. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर आलेलं नाही. त्याने द्यावं असंही नाही.

तुम्ही या कामात नव्याने उतरत असाल आणि कोणी पहिल्याच दिवशी 'कोपऱ्यात जा' म्हणालं, तर एकदा विचारा: सर, या घरात राहायला येणारा माणूस कोपऱ्यात उभा राहणारे का?