हक्काचे ताट



दिवाळी सरली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे म्हणजे वडसा. गेल्या हंगामात आम्ही सहकुटुंब गोंदियाकडच्या गाडीने वडशाला उतरलो. रात्री जवळच्या गावी नाटक पाहायचे होते. पोरांना कडकडून भूक लागलेली. बाजाराच्या वाटेवर एक साधी खानावळ दिसली. फळ्यावर खडूने लिहिले होते, 'झिंगे-भात'.

आम्ही आत शिरलो. सत्तरी ओलांडलेल्या आमच्या आत्याबाई मात्र दारातच थबकल्या. हातात घरच्या भाकरीचे फडके. "तुमी जेवा, मी बाहीर बसतो." पोरांना काही उमगले नाही. आम्हाला उमगले. हात धरून त्यांना बाकावर बसवले.

ताटे आली. वाफाळता भात, झिंग्यांचा लालभडक रस्सा, कांदा, लिंबाची फोड. वैनगंगा वडशाच्या कुशीला, भोवती तलाव अन् धानाची बांधी. ढिवर बांधव पहाटे जाळे टाकतात, तेव्हा असे ताट होते. पोरांची बोटे रश्श्याने माखली, नाकाडोळ्यांतून पाणी आले, तरी कोणी थांबेना. आत्याबाईंनीही दुसऱ्यांदा भात मागितला.

जेवण झाले आणि आत्याबाई आपले ताट घेऊन नळाकडे निघाल्या. खानावळवाली बाई धावत आली. "आत्या, राहू द्या ना जी, पोरगा उचलते!" आत्याबाई ताट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

त्यांच्या लहानपणी बाजारच्या हॉटेलात आपल्या माणसांची कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असे. चहा प्यायचा, कपबशी आपणच विसळायची, पुन्हा तिथेच ठेवायची. साठ वर्षे उलटली, पण हाताची सवय गेली नव्हती.

नाटकाला जाताना पोरांनी विचारले. आम्ही त्यांना बाबासाहेबांचा 1901 सालचा प्रवास सांगितला. लहानगा भीम भावंडांसह वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनवर मुले उतरली. जात कळताच गाडीवाला मिळेना. दुप्पट भाडे कबूल करून, बैलगाडी स्वतः हाकत मुले निघाली. डब्यात जेवण होते, पण पाणी कोणी देईना. मुले उपाशीच झोपली.

त्याच बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली घटनेचा मसुदा तयार झाला. 26 जानेवारी 1950 पासून कलम 15 सांगते की धर्म, जात, लिंग यांवरून कोणाही नागरिकाला दुकान, उपाहारगृह, हॉटेल यांत अडवता येणार नाही. 1955 साली त्यासाठी शिक्षेचा कायदा झाला. तोच आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो.

अमेरिकेतही हेच घडले. तिथल्या लुईझियाना राज्यात आपल्यासारखीच भातशेती आहे. झिंग्यासारखा क्रॉफिश तिथे धानाच्या बांधीत पाळतात. उकडून, तिखट मसाला लावून तो टेबलावर कागद पसरून त्यावरच ओततात. सारे भोवती बसून हाताने खातात. पण त्याच दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसाला गोऱ्यांच्या हॉटेलात बसू देत नसत. 1960 साली ग्रीन्सबरो गावी चार काळे विद्यार्थी अशा एका खाण्याच्या टेबलापाशी जाऊन बसले आणि उठेनात. त्यातून चळवळ पसरली. 1964 साली कायदा झाला. आपल्या घटनेने हा हक्क त्याआधी चौदा वर्षे लिहून दिला होता!

कायदा कागदावर आहे, पण सवय अंगात असते. म्हणून आमचे सांगणे एवढेच. प्रवासाला निघाल तेव्हा घरच्या म्हाताऱ्या माणसांना सोबत न्या. त्यांना हॉटेलात मधल्या बाकावर बसवा, आवडीचे मागू द्या. आणि कुठे कोणी जात विचारून वेगळे ताट पुढे केले, तर निमूट उठून येऊ नका. तो गुन्हा आहे. चार साक्षीदार घेऊन पोलीस ठाणे गाठा.

परतीच्या गाडीत आत्याबाई म्हणाल्या, "झिंगे बरे होते. रस्सा माह्या हातचा आणखी बरा." ते मात्र खरे आहे!