‘ग्रहणात काय चिरलं होतंस गं?’

मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं बारसं झालं. पाळणा सजवला होता, घुगऱ्या वाटून झाल्या होत्या. बाळाचा वरचा ओठ जन्मतःच दुभंगलेला आहे. पाळण्यात डोकावणाऱ्या बायका ताईला एकच विचारत होत्या, ‘ग्रहणात काय चिरलं होतंस गं?’ ताई एम.कॉम. झालेली. ‘काही नाही हो काकू,’ म्हणत ती सगळ्यांना हसून उत्तर देत होती. रात्री मात्र मला हळूच म्हणाली, ‘पाचव्या महिन्यात ग्रहण होतं ना, तेव्हा मी भेंडी चिरली होती.’

तुमच्याही घरी कुणीतरी अशी भेंडी मनात घेऊन बसलेली असेल. म्हणून हे लिहितेय.

पोटातल्या बाळाचा ओठ गर्भारपणाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून येतो. पाचव्या महिन्यात ताईने भेंडी चिरली काय किंवा कलिंगड कापलं काय, ओठाचं काम केव्हाच आटपलं होतं. तो दुभंगण्यामागे जनुकं असतात, आणि त्यांच्या जोडीला आईचा मधुमेह, सिगारेट, फिट्सवरची काही औषधं अशा गोष्टींनी धोका वाढतो. बहुतेक वेळा एका कारणावर बोट ठेवताच येत नाही. आणि जनुकं निम्मी बाबांची असतात. बारशात बाबांना कुणी काही विचारलेलं मी ऐकलं नाही. मुलगा की मुलगी हेही वडिलांकडून येणाऱ्या क्रोमोसोमवर ठरतं, हे आपण दहावीत शिकतो. तरी ‘मुलगीच झाली’ हे ऐकावं लागतं ते सुनेला.

मग आईच्या वागण्याने काहीच फरक पडत नाही का? पडतो ना. पण कुठे पडतो ते बघा. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून तयार होतो, ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते. म्हणजे पाळी चुकली हे लक्षात येईपर्यंत हे काम जवळजवळ संपलेलं. त्यासाठी लागणारं फॉलिक अॅसिड शरीरात आधीपासून हवं, म्हणून डॉक्टर गर्भधारणेच्या महिनाभर आधीच रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करायला सांगतात. आपल्याकडे मात्र ‘जपा हं’ हे सुरू होतं बातमी कळल्यावर.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम हॉस्पिटलच्या टीमने एक अभ्यास सुरू केला. गर्भार बायका काय खातात, किती काम करतात आणि बाळ कसं जन्मतं, याच्या नोंदी ठेवल्या. ज्यांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं जन्मतः मोठी होती. ज्यांच्यावर कष्टाच्या कामाचा भार जास्त, त्यांची बाळं लहान होती. आता सांगा, विहिरीवरून पाणी शेंदून आणणं हे त्या बाईचं ‘वागणं’ म्हणायचं का? घरात नळ नाही, हंडा उचलायला दुसरं कुणी पुढे येत नाही, याचा हिशेब आपण तिच्या नावावर मांडतो.

गर्भसंस्काराचे क्लास आणि अॅप्सही हेच करतात, फक्त गोड आवाजात. अभिमन्यूची गोष्ट सांगायची आणि आईला मंत्र, संगीत, सुविचार यांचं टाइमटेबल द्यायचं. गाणी ऐकायला माझी काही हरकत नाही. पोटातल्या बाळाला शेवटच्या काही महिन्यांत आवाज ऐकू येतो, जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखतंही. पण त्या क्लासची फी भरणाऱ्या घरात सून सगळ्यांची पानं उठल्यावर उरलेलं जेवत असेल, तर कसले संस्कार?

एनएफएचएस-५ या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अॅनिमिया आहे. यात आपल्या वर्गातल्या मुलीही आल्या. पहाटेची लोकल, कॅन्टीनचा चहा-बिस्किट, ‘डाएट’ म्हणून सोडलेलं रात्रीचं जेवण. उद्या आई व्हायचंय म्हणून नीट खा, असं मी म्हणणार नाही. व्हायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवाल. स्वतःसाठी खा, हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि मित्रांनो, घरी बहीण, वहिनी सगळ्यात शेवटी जेवत असेल तर आजच तिला आपल्या पंगतीला बसवा. घरात सिगारेट ओढणाऱ्याला बाहेर पाठवा.

ताईच्या बाळाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. ओठ छान शिवला जाईल, असं डॉक्टर म्हणाले. भेंडीचं मी तिला समजावलं, तिने मान हलवली, पण पुरतं पटलंय असं वाटत नाही. एकटीच्या सांगण्याने पटणारही नाही. म्हणून पुढच्या बारशाला कुणी पाळण्यापाशी तो प्रश्न विचारला, तर गप्प बसू नका. ‘काकू, ओठ दुसऱ्या महिन्यातच तयार होतो,’ एवढं तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा.