घळईला नाव दिलं, माशांचं काय?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यासमोर, पॅसिफिक महासागराच्या तळाशी एक खोल घळई आहे. तिचं नाव क्विनॉल्ट. त्याच किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या आदिवासींचं हे नाव. असलं काही वाचलं की आपल्यातलेही काही जण भारावतात. बघा, तिकडे आदिवासींचा केवढा मान! माझा साधा प्रश्न आहे, नकाशावरच्या नावाने कुणाच्या जाळ्यात मासा येतो का?

१८५५-५६ साली गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्सने क्विनॉल्टांशी करार केला. जमीन घेतली आणि नेहमीच्या जागी, इतर नागरिकांसोबत, मासे धरण्याचा त्यांचा हक्क कायम राहील असं लिहून दिलं. हे नीट वाचा. सरकारने मासे दिले नव्हते. मासे त्यांचेच होते, तो हक्क त्यांनी राखून ठेवला होता. तरी पुढे राज्य सरकार त्या भागातल्या आदिवासींना नदीवर अटक करत राहिलं, जाळी जप्त करत राहिलं. निस्क्वाली जमातीच्या बिली फ्रँक ज्युनियर यांना १९४५ साली पहिली अटक झाली तेव्हा ते १४ वर्षांचे होते. पुढे त्यांना पन्नासहून जास्त वेळा अटक झाली. १९६० च्या दशकात तर लोक पोलिसांदेखत मुद्दाम जाळी टाकू लागले. चवदार तळं ज्यांना कळलंय, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

१९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांनी 'सोबत' या शब्दाचा अर्थ लावला: धरता येण्याजोग्या माशांत निम्मा वाटा. क्विनॉल्ट या खटल्यात होते. गोरे मच्छीमार खवळले, न्यायाधीशाचा पुतळा फासावर लटकवला. म्हणे आदिवासींना खास सवलत दिली! आरक्षणाला खैरात म्हणणारे तिकडेही आहेतच. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हा निम्मा वाटा मान्य केला.

जंगलाचीही तीच कथा. क्विनॉल्ट राखीव क्षेत्रातल्या लाकडाचं सरकार विश्वस्त. विश्वस्ताने कारभाराची माती केली म्हणून जमीनधारक कोर्टात गेले. सरकारला नुकसानभरपाईसाठी जबाबदार धरता येतं, हे ठरायला १९८३ उजाडलं.

'मग नामांतरासाठी कशाला लढलात?' असं कुणी विचारेल. १९७८ चा ठराव ते १९९४ चा नामविस्तार, मधल्या काळात आपल्या वस्त्या जळाल्या, माणसं मेली. ते नाव आपण मागितलं होतं आणि त्यामागे विद्यापीठावरचा आपला हक्क उभा होता. कुणी नकाशा काढताना लिहिलेलं ते नाव नव्हतं.

आज क्विनॉल्टांचं ताहोला गाव समुद्र चढतोय म्हणून उंचावर हलवावं लागतंय. २०२२ साली केंद्र सरकारने त्यासाठी अडीच कोटी डॉलर जाहीर केले. अख्खं गाव उचलायचं तर ही रक्कम किती पुरणार? तेव्हा पुढच्या वेळी कुणी ती घळई दाखवून अमेरिकेचं कौतुक सांगू लागला, तर त्याला ताहोलाचं विचारा.

जय भीम.